भांडण आत, समेट बाकावर

माझ्या सासूबाईंना आख्खी वस्ती भांडकुदळ सिस्टर म्हणते. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणते, आणि त्यांना ते आवडतं. नर्सच्या नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कोपऱ्यावरच्या एकाच दवाखान्यात काढली. तिथं सुई टोचून घ्यायला गेलेला माणूस त्यांच्याशी कडाकडा भांडल्याशिवाय बाहेर आलाय, असं सहसा झालं नाही. मीही भांडले. पण माझं प्रकरण जरा निराळं आहे, आणि गेल्या आठवड्यात त्याचं जे काही झालं ते पोटात ठेवणं मला शक्य नाही. मी शिवणकाम करणारी बाई. तोंडात टाचण्या असतात तेवढाच वेळ काय ती गप्प असते.

सगळं त्या पांढऱ्या इंजेक्शनपासून सुरू होतं, म्हणून आधी तेच सांगते.

घसा सुजून ताप चढला, नाहीतर कातडीला जंतूंची लागण झाली, की डॉक्टर पेनिसिलीनचं एक जोड इंजेक्शन लिहून द्यायचे. एकाच सुईत दोन जातींचं पेनिसिलीन. त्यातलं एक लगेच रक्तात उतरून कामाला लागतं आणि दुसरं स्नायूत मुक्काम ठोकून पुढं कितीतरी दिवस हळूहळू झिरपत राहतं. लग्नानंतर सासूबाईंनी हे मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे आधी कच्चा धावदोरा आणि मागून पक्की शिलाई." त्या म्हणाल्या, "तसंच धर." आमच्यात तेव्हा एवढंच बोलणं व्हायचं, कामापुरतं.

तर हे औषध म्हणजे दाट, दुधावरच्या सायीसारखं. फ्रिजमधून काढलं की दोन तळहातांत फिरवून फिरवून त्याचा गारठा घालवायचा. त्याला सुई जाड लागते. ती खुब्याच्या मांसात खोल जायला हवी, आणि मग दट्ट्या हळू पण न थांबता रेटायचा, कारण मध्येच थांबलात की औषध सुईत अडकून बसतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे टोचून घेणाऱ्यानं हलायचं नाही, आणि अंग सैल सोडायचं. आता सांगा, जाड सुई दिसल्यावर कुणाचं अंग सैल राहतं?

दुसरीकडे म्हणे दोघंतिघं मिळून रोग्याला दाबून धरतात. सासूबाईंच्या खोलीत कुणाला कधी धरलं नाही. त्या भांडायच्या. औषध हातात फिरवत फिरवत आलेल्या माणसाला न्याहाळायच्या, त्याला पालथं पाडायच्या, पायाची बोटं आत वळवायला लावायच्या, म्हणजे खुबा सैल पडतो. आणि मग सुरू. सुताराला म्हणाल्या, "तुम्ही केलेलं कपाट आमच्याकडे अजून डोलतंय हो. दार उघडलं की नमस्कार करतं." सुतार उशीतून ओरडायला लागला, की लाकूड ओलं तुम्हीच आणून दिलं होतं, आणि तो ओलं-सुकं करेपर्यंत औषध आत. रेड्याएवढा एक ट्रकवाला, नुसत्या स्पिरिटच्या वासानं घामाघूम झालेला. त्याला म्हणाल्या, "तुम्हाला गाडी रिव्हर्स घेता येत नाही असं ऐकलं, खरं का?" त्याला सुई गेली कधी आणि निघाली कधी, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. लहान पोरांशी मात्र त्या भांडत नसत. पोरांच्या आयांशी भांडत, आणि पोरं आ वासून आयांकडे बघत राहत.

आणि मग बाक. पेनिसिलीन एखाद्याला सोसत नाही, अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो. आधी विचारून घेतलं तरी नंतर अर्धा तास माणसाला नजरेसमोर बसवायचं, हा त्यांचा नियम. त्यासाठी खोलीबाहेर, खिडकीखाली एक लाकडी बाक होता. सासूबाई हात धुऊन त्या बाकावर शेजारी येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "कपाट उत्तम आहे हो. जरासुद्धा डोलत नाही." मग माणूस आधी बावचळायचा, मग हसायचा. भांडण आत, समेट बाकावर. वस्तीतला जो तो हसत घरी गेलाय.

मी सोडून.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. घशात गाठी आलेल्या, थुंकी गिळवत नव्हती. दवाखान्यात गेले ती मी स्वतः शिवलेला पहिला ड्रेस घालून. मापापासून काजापर्यंत सगळा माझ्या हातचा, आणि त्याला फुग्याच्या बाह्या. त्या बाह्यांसाठी मी किती वेळा टाके उसवले असतील, देव जाणे. तापानं फणफणले होते, तरी रस्त्यानं जाताना दुकानांच्या काचांत त्या बाह्याच बघत होते. आणि ही अनोळखी बाई मला पालथी पाडून म्हणते, "खांद्यांवर या दोन उशा कशाला बांधल्यास गं? झोप आली की मान टाकायला?"

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण घसा सुजलेल्या माणसाच्या मानानं पुष्कळ बोलले. त्या "झालं" म्हणाल्या तशी उठले, बाकाकडे बघितलंसुद्धा नाही, तरातरा निघाले. मागून त्या हाका मारत होत्या. पण त्यांच्यापुढं दुसरं माणूस पालथं पडलेलं, त्यांना खोली सोडता येईना. तेव्हा त्यांनी काय करावं? त्यांचा मुलगा दवाखान्यातला औषधांचा फ्रिज दुरुस्त करत बसला होता, त्याला माझ्यामागे पिटाळलं.

रस्त्यावर वळून बघते तर एक लंबूटांग माणूस, हातात पेचकस, बरोबर माझ्यामागे.

"काय पाहिजे?" मी खेकसले.

"काही नाही. अंगावर गांध्या उठल्यात का?"

"काय?"

"ओठ सुजलेत? श्वास लागतोय?"

"माझं डोकं सुजलंय," मी म्हटलं.

"त्याबद्दल आई काही बोलली नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा दहा पावलं मागे जाऊन चालायला लागला. अर्धा तास माझ्यामागे चालणार होता, तो जन्मभर चालतोय.

तर अशी मी त्या घरात सून म्हणून गेले. नवऱ्यानं आईची रीत मला पहिल्याच दिवशी सांगितली. सुताराचं, ट्रकवाल्याचं सांगून हसवलं. पण माझ्या मनातला सल काही जाईना. सगळ्यांशी त्यांनी समेट केला, माझ्याशी नाही. एका शब्दानं नाही. म्हणजे बाकीच्यांशी ते नाटक होतं आणि माझ्या बाह्या त्यांना खरंच उशा वाटल्या, असंच मी धरून चालले. मीही हट्टी. माझं दुकान नावारूपाला आलं, आख्ख्या वस्तीचे कपडे मी शिवले, पण सासूबाईंच्या अंगाला कधी टेप लावली नाही. त्यांनी कधी मागितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. बाकी घरात आमचं बरं होतं. एकमेकींचं दुखलंखुपलं बघायचो, चहा एकत्र प्यायचो, आणि बाहीचा विषय आला की दोघी उठून कामाला लागायचो.

आता गेल्या आठवड्यातलं.

सासूबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या टाचेला भेग पडली होती, त्यातून जंतू शिरले असावेत. एकाएकी हुडहुडी भरून ताप आला आणि पोटरी लालबुंद झाली. नुसती लाल नाही, तापलेली, चकचकीत, आणि कड उचललेली, जशी काही वरून ठिगळाची पट्टी जोडलीय. डॉक्टरांनी बॉलपेननं त्या लालीभोवती रेघ मारली आणि गोळ्या दिल्या. गोळ्या पोटात ठरेनात, घेतली की उलटी. दुसऱ्या दिवशी सकाळी पांघरूण काढून बघते तर लाली रेघ ओलांडून गुडघ्याकडे निघालेली. नवऱ्यानं रिक्षा आणली आणि आम्ही त्यांना त्यांच्याच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले, "सिस्टर, आता तुमचंच पांढरं इंजेक्शन. हे आत्ता घ्यायचं. लागण रक्तात उतरली तर पायापुरतं राहणार नाही, जिवावर बेतेल. आणि यानं उद्यापर्यंत उतार पडला नाही तर मोठ्या इस्पितळात भरती."

पेनिसिलीन पूर्वी घेतलंय का, त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "लहानपणी. त्रास काही झाला नव्हता. चौघांनी धरलं होतं मला." एवढं बोलून त्यांनी माझा हात गच्च धरला. तेव्हा मला कळलं, आणि नवऱ्यालाही तेव्हाच कळलं, की ज्या बाईनं गावभर सुया टोचल्या तिला स्वतःला सुईचं भय आहे. साधंसुधं नाही, हातपाय गार पडण्याइतकं. त्या चौघांमुळेच त्यांच्या खोलीत कधी कुणाला धरलं गेलं नाही.

नवऱ्याला बाहेर थांबवलं, मी आत गेले. सासूबाईंच्या जागेवर आता त्यांनीच शिकवलेली सिस्टर आहे, स्वभावानं अगदी गरीब गाय. तिनं औषध तळहातांत फिरवायला घेतलं. सासूबाई पालथ्या झाल्या. कापूस लागला मात्र, ताडकन उठून बसल्या. पुन्हा झोपवलं, पुन्हा बसल्या.

"बाई, मी भांडू का?" सिस्टरनं विचारलं.

"विचारून कुणी भांडतं का गं?" सासूबाई कण्हत म्हणाल्या.

सिस्टरनं घसा खाकरला. "तुम्ही... तुम्ही आम्हाला फार ओरडायचात."

"हे भांडण झालं? आवाज चढव. आणि माझ्याकडे बघून बोल." अंगात ताप, पाय सुजलेला, आणि ही बाई तिथंही शिकवत होती. पण उपयोग शून्य. जिला सगळी खुबी ठाऊक, तिच्यावर ती चालणार कशी? तिसऱ्यांदा सुई जवळ आली आणि त्यांनी सिस्टरचं मनगटच धरलं. तसे दारातून डॉक्टर म्हणाले, "दोघीतिघींना बोलवा. धरावं लागेल."

सासूबाईंचं तोंड बघितलं मी. एवढीशी पोर दिसायला लागली ती बाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी हात लावायचा नाही त्यांना," मी डॉक्टरांना म्हटलं. मग सासूबाईंकडे वळले. "आई, पडा पालथ्या. बोटं आत वळवा. आणि ऐका आता. माझ्या बाह्यांना उशा म्हणाला होतात. आठवतंय?"

त्या पालथ्या झाल्या. उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "आठवतंय."

"झोप आली की मान टाकायला, म्हणालात. टाके उसवून उसवून बोटं सोललेली माझी. इतकी वर्षं झाली, चुकलं असं एकदा तरी म्हणालात?"

"हे तू आत्ता काढतेस?"

"आत्ताच काढते. एरवी तुम्ही सापडता कुठं?"

सिस्टरनं कापूस फिरवला. सासूबाईंचा खुबा दगडासारखा ताठ झाला. "लुटुपुटूचं भांडतेयस," त्या म्हणाल्या. "कळतं मला. तुझा आवाज कापतोय."

कापत होता, खोटं कशाला बोलू. मी घाबरले होते. ही बाई हातची जाईल, असं मनात आलं आणि त्या भीतीचाच मला संताप आला, आणि त्या संतापात माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"आणि तुमची सुई दुखली होती मला."

सासूबाईंची मान उशीवरून अर्धी वर आली.

"काय म्हणालीस?"

"दुखली. सुताराला दुखली नसेल, ट्रकवाल्याला दुखली नसेल, मला दुखली. पाय ओढत घरी गेले. तुमच्या मुलाला विचारा, मागेच होता तो. जड हात आहे तुमचा."

"माझा हात जड?" उशीतून नुसता धूर निघायचा बाकी होता. "माझा? अगं, या वस्तीत एक माणूस दाखव, एक, जो म्हणेल सिस्टरची सुई दुखली. पोरं झोपेतून उठायची नाहीत माझ्या हातानं. औषध गार असताना कधी टोचलं नाही मी, हाताला घट्टे पडेपर्यंत फिरवायचे. दट्ट्या कधी अडकू दिला नाही. आणि तू, कालची पोर, मला जड हात म्हणतेस?"

"म्हणते."

"पुन्हा म्हण."

"जड हात."

सिस्टर दट्ट्या रेटत होती. हळू, न थांबता, अगदी शिकवलं तसं. सासूबाईंनी खाटेची कड घट्ट धरली होती ती रागानं, आणि खालचं सगळं अंग विसरून गेल्या होत्या. माझं लक्ष त्या पांढऱ्या औषधावर. कमी होतंय, कमी होतंय, संपलं.

"झालं," सिस्टर म्हणाली.

"काय झालं? अजून काहीच झालेलं नाही. हिला आधी विचार कुठल्या बाजूला दुखलं होतं."

"बाई, इंजेक्शन झालं."

सासूबाईंनी मान वळवून रिकाम्या सिरिंजकडे बघितलं, मग सिस्टरकडे, मग माझ्याकडे. कपडे सारखे केले आणि लंगडत आपल्या आपण बाहेर जाऊन बाकावर बसल्या, एका बाजूवर कलून. मी शेजारी बसले. त्या बाकावर मी पहिल्यांदाच बसत होते. नवरा समोरच्या भिंतीला टेकून आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होता, त्याला आत काय झालं ते विचारायचा धीर होईना.

बराच वेळ गेला. त्यांनी ओठ चाचपून बघितले, दंड उघडून गांध्या बघितल्या. काही नव्हतं. मग समोर बघतच त्या म्हणाल्या, "एक विचारते. खरं सांग हं. दुखलं होतं का?"

त्यांचे डोळे भरून आलेले. लाली गुडघ्याला भिडली तेव्हा नव्हते आले. डॉक्टर जिवाचं बोलले तेव्हाही नाही.

"नाही हो, आई," मी म्हटलं. "टोचलेलं कळलंसुद्धा नव्हतं. पाय कसला ओढतेय, अशी पळत सुटले होते की तुमच्या मुलाला मला गाठताना धाप लागली."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, जसा काही तो कधीपासून कोंडून ठेवला होता. मग पदर नाही, रुमाल नाही, माझीच बाही ओढून तिला डोळे पुसले. आणि बाही हातात तशीच धरून म्हणाल्या, "खांद्यावर चुण्या होत्या. पुढं कमी, मागं जास्त, म्हणून फुगा बसत नव्हता, उभा राहत होता. दंडाला पट्टी, पट्टीच्या कडेला निळा गोट. आतल्या बाजूला एक दोरा सुटलेला नव्हता, मी उलटून बघितलं होतं."

माझ्या स्वतःच्या आईला त्या गोटाचा रंग आठवत नाही.

"माणूस कशाचा अभिमान धरून आलाय ते बघायचं आणि नेमकं तिथंच बोट ठेवायचं," त्या म्हणाल्या. "नाहीतर राग येत नाही. तुझ्या त्या बाह्यांवरून माझी नजर हलत नव्हती, म्हणून बाह्यांवर बोलले. बाकावर बसली असतीस तर तेव्हाच सांगितलं असतं. तू कसली बसतेस."

"मग नंतर का नाही सांगितलंत? एवढी वर्षं एका घरात राहतोय आपण."

त्यांनी बाकाच्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "घरात कुठं बाक आहे? माझं भांडण कुठंही होतं गं, समेट मला इथंच जमतो. आज बसेल, उद्या बसेल, म्हणून वाट बघत राहिले. तुझी तब्येतच मेली खणखणीत."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. नवरा घाबरून धावत आला. "काय झालं? श्वास लागतोय का? गांध्या उठल्यात का?" तो आईला विचारायचा तर मला विचारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांघरूण बाजूला केलं तर लालीची कड खाली बसलेली आणि ताप उतरलेला. डॉक्टरांनी बॉलपेननं नवी रेघ मारली होती, संध्याकाळपर्यंत लाली तिच्याही आत आली. आता त्या उठून बसतात, पाय उशीवर ठेवून दिवसभर फर्मानं सोडतात. मी टेप घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले तेव्हा कुठल्या बाह्या हव्यात ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. निळा गोट मात्र बाजारात तसा मिळेना, तेव्हा कापड आणून मीच कापला.

आणि सुताराला बाक सांगितलाय, दोघींपुरता, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसेल असा. तो माप घ्यायला आला तेव्हा आधी सासूबाईंच्या खोलीत डोकावला. "सिस्टर, हा डोलणार नाही," म्हणाला, "हे आधीच मान्य करा, मगच लाकडाला हात लावतो."

"बघू," सासूबाई म्हणाल्या.